टेलपर्यंत पाणी

मंडळी, आज जरा भांडायचं ठरवून बसलोय. ज्यांना प्रोग्रामिंगशी काही देणंघेणं नाही अशा घरच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. आत्याला आणि मोठ्या काकांना कळेल अशाच भाषेत लिहिणार आहे. मध्ये एक-दोन ठिकाणी डॉलरचं चिन्ह दिसेल, त्याला घाबरू नका. त्याचा पैशाशी संबंध नाही. :)

निमित्त असं झालं. मागच्या महिन्यात माळशिरसला ताईकडे गेलो होतो. भाचा कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो होतो, तर हा लॅपटॉप घेऊन आला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने पीएचपीत एक साइट केली होती. गावातल्या दूध घालणाऱ्यांची यादी, प्रत्येकाचे लिटर, खाली एकूण बेरीज आणि सरासरी. पान दिसायला फार देखणं होतं, रंगबिरंगी वगैरे. मी कौतुक केलं आणि सवयीने विचारलं, "अरे, पण यादीत कोणीच नसेल तर हा लूप काय करेल?"

तो हसला. म्हणाला, "मामा, लूप आता कोण हाताने लिहितं? तुम्ही पण ना! एआयला सांगायचं, ते लिहून देतं. मी फक्त चालतंय का बघतो."

मी यादी रिकामी केली आणि पान पुन्हा उघडलं. पान पडलं. सरासरी काढताना एकूण लिटरला सदस्यांच्या संख्येने भागलं होतं, सदस्य शून्य, आणि पीएचपी ८ पासून शून्याने भागलं की प्रोग्राम तिथेच माना टाकतो. भाच्याने लगेच ती चूक एआयला सांगितली, दहा सेकंदांत दुरुस्त करून घेतली आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. वर दाजींनी पुस्ती जोडली, "कॅल्क्युलेटर आल्यावर पाढे कोण पाठ करतंय हो?"

मी तेव्हा गप्प बसलो. पाहुणा होतो, शिवाय ताईने नुकतीच पुरणपोळी खाऊ घातली होती. पण पुण्याला परत येताना एसटीत डोक्यात तेच चालू होतं. ते सगळं आज इथे काढतो.

आधी घरच्यांसाठी, लूप म्हणजे काय? एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर ते एकदाच लिहायचं आणि किती वेळा किंवा कुठवर करायचं ते सांगायचं. बस्स, एवढंच. दोनशे माणसांची यादी छापायला दोनशे ओळी लिहायच्या नाहीत. एक ओळ लिहायची, आणि म्हणायचं की यादीतल्या प्रत्येकासाठी हे कर. ही कल्पना काही काल-परवाची नाही. एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये बॅबेजच्या न झालेल्या यंत्रावर ज्या टिपा लिहिल्या, त्यांत त्याच त्या क्रियांची आवर्तनं यंत्राकडून करून घ्यायची कल्पना आहे. कॉम्प्युटर यायच्या शंभर वर्षं आधी!

'आवर्तन' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या माळशिरस भागात हा शब्द पुस्तकात वाचावा लागत नाही. वीर धरणातून निघणारा नीरा उजवा कालवा फलटणवरून आमच्याकडे येतो, पुढे पंढरपूर-सांगोल्याकडे जातो. कालव्याला पाणी सोडतात त्याला आवर्तनच म्हणतात. उन्हाळ्यात "आवर्तन कधी सुटणार" हा प्रश्न चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येतो. आणि पाणी वाटायची जी जुनी पद्धत आहे, शेजपाळी, ती म्हणजे अस्सल लूप आहे. चारीवर ज्यांनी पाणी अर्ज भरलाय त्यांची यादी असते, एकाची पाळी झाली की शेजारच्याची, त्याची झाली की त्याच्या शेजारच्याची. पाणी तेच, दार तेच, पाटकरी तोच, फक्त रान बदलतं.

आता यातली खुबी बघा. शेजपाळीचा नियम असा आहे की सुरुवात शेवटाकडून करायची. टेलच्या शेतकऱ्याला आधी पाणी, मग वर वर सरकत यायचं. असं का? कारण ज्यांनी तो नियम केला त्यांना माणसाचा स्वभाव आणि पाण्याचा स्वभाव दोन्ही माहीत होते. वरून सुरू केलं तर शेवटच्याची पाळी यायच्या आत काहीतरी होतं. कुठे चारी फुटते, कुठे कोणी रात्री दार उचलतो, कुठे आवर्तनच बंद होतं. मारला जातो तो शेवटचा. नियम कागदावर किती आणि रानात किती पाळला जातो तो वेगळा विषय आहे, त्यावर आमच्याकडे भावकीत बोलणं बंद झालेली घरं आहेत. पण नियम करणाऱ्याला प्रश्न नेमका कळला होता. आवर्तन चांगलं झालं की नाही हे कालव्याच्या तोंडाशी उभं राहून कळत नाही, त्यासाठी टेलला जावं लागतं.

लूपचंही अगदी तसंच आहे. लूप मध्ये सहसा चुकत नाही. चुकला तर पहिल्याला नाहीतर शेवटच्याला. आणि भाच्याचं जे "चालतंय का बघतो" आहे ना, ते तोंडाशी उभं राहून बघणं आहे.

आता मी हे एवढ्या तावातावाने का सांगतोय, त्यामागे माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट आहे. ती आजवर घरातही फारशी सांगितलेली नाही.

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा पीएचपीत चार वर्षं मुरलो होतो, म्हणजे स्वतःला शहाणा समजायच्या बरोबर मधल्या टप्प्यावर होतो. तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राला दहा दिवसांच्या पगाराची यादी काढून देणारा छोटा प्रोग्राम मी हौसेने करून दिला. नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हती, माझी होती. प्रोग्राम छान चालला. पूर्वी सेक्रेटरी दोन रात्री जागून जी यादी करायचे ती आता दोन मिनिटांत छापून यायची. माझा सत्कारही झाला, शाल-नारळ देऊन. त्या शालीकडे बघितलं की अजून कसंतरी होतं.

यादीत सगळ्यात शेवटचं खातं होतं एका मावशींचं. सगळ्यात नवीन सभासद, म्हणून शेवटचा नंबर. एक म्हैस, नवरा नाही, एक मुलगी सातवीला. पहिल्या पगाराला त्या म्हणाल्या की पैसे कमी आलेत. सेक्रेटरींनी यादी दाखवली आणि सांगितलं की आता हिशेब कॉम्प्युटर करतो, कॉम्प्युटर चुकत नाही. दुसऱ्या पगाराला तेच झालं. तेव्हा सेक्रेटरींनी मला फोन केला, आणि मी, खाली मान घालून लिहितो, मीही तेच म्हणालो. "बाकी सगळ्यांचं बरोबर येतंय ना? मग एकट्याचंच कसं चुकेल?"

तिसऱ्या पगाराच्या वेळी मी योगायोगाने गावी होतो. मावशी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत सकाळ-संध्याकाळच्या रोजच्या चिठ्ठ्या, लिटर, फॅट, दर सगळं असलेल्या, रबर लावून तारखेने लावलेल्या. मुलीने वहीच्या पानावर एकेक चिठ्ठी घेऊन बेरीज केलेली. मला म्हणाल्या, "भाऊ, पोरीचा हिशेब आन् तुमचा कागद जुळंना बघा. पोरगी चुकली आसंल तर तिला दाखवा कुठं चुकली."

मी बसून तपासलं. पोरगी चुकली नव्हती.

काय झालं होतं ते सांगतो, कारण भांडणाचा सगळा मुद्दा इथेच आहे. माझ्या प्रोग्राममध्ये दोन लूप होते. पहिला लूप प्रत्येकाची रक्कम पूर्ण रुपयात करायचा, पैसे काढून टाकायचे. पीएचपीत 'फॉरईच' नावाचा लूप आहे, तो यादीतली एकेक गोष्ट उचलून एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो. साधारणपणे तो नक्कल देतो. पण २००४ मध्ये पीएचपी ५ आली तेव्हापासून एक सोय झाली. व्हेरिएबलच्या आधी '&' हे चिन्ह लावलं की नक्कल न देता तो मूळ जागाच हातात देतो, म्हणजे बदल थेट यादीत होतो. मी ते वापरलं होतं, कारण कुठेतरी वाचलं होतं आणि ते ऐटदार दिसायचं.

गंमत ही की लूप संपल्यावरही व्हेरिएबलने ती जागा सोडलेली नसते. हात शेवटच्या खात्याच्या रकमेवर तसाच ठेवलेला राहतो. मग माझा दुसरा लूप, यादी छापणारा, त्यातही मी तेच व्हेरिएबल वापरलं, या वेळी चिन्ह न लावता. आता लूप प्रत्येक रक्कम उचलून त्या व्हेरिएबलमध्ये ठेवणार, आणि ते व्हेरिएबल म्हणजे तर शेवटच्या खात्याची जागा!

तीन खाती धरा. रकमा ४१०, २६० आणि ५९०. छापणारा लूप सुरू झाला. पहिली रक्कम ४१० उचलली, ती शेवटच्या जागेत जाऊन बसली. यादी झाली ४१०, २६०, ४१०. दुसरी रक्कम २६० उचलली, तीही शेवटच्या जागेत. यादी झाली ४१०, २६०, २६०. आता तिसऱ्याची पाळी. तिथे ५९० केव्हाच उरले नव्हते. छापून आलं ४१०, २६०, २६०.

म्हणजे मावशींना दर वेळी त्यांच्या वरच्या खात्याचा पगार मिळत होता. वरच्यांची म्हैस आटत आली होती, त्यामुळे तो कमी होता. आणि खालची एकूण बेरीजही मी त्याच छापणाऱ्या लूपमध्ये करत होतो, त्यामुळे ती छापलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळायची. कोणालाच शंका यायचं कारण नाही. तीन पगारांत मिळून ३४० रुपये गेले होते.

दुरुस्ती किती होती? एक ओळ. पहिला लूप संपल्यावर 'अनसेट' लिहून हात काढून घ्यायचा. पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हा इशारा चांगला ठळक दिलेला आहे. मी वाचला नव्हता. चालत होतं ना!

आणि सगळ्यात भयंकर गोष्ट मला त्या रात्री झोपताना सुचली. समजा त्या तीन पगारांच्या काळात कोणी नवीन सभासद झाला असता, तर मावशी शेवटच्या राहिल्या नसत्या. त्यांचा पगार आपोआप बरोबर आला असता, चूक गुपचूप नव्या माणसावर सरकली असती, आणि आम्ही म्हटलं असतं, "बघा मावशी, झालं की नाही बरोबर? तुमचाच काहीतरी घोळ होता."

तर मंडळी, ही ती गोष्ट. आता भांडण.

पहिलं भांडण माझं शिकवणाऱ्यांशी आहे. भाच्याची वही मी दुसऱ्या दिवशी सकाळी चाळली. लूपवर अकरा पानं आहेत. त्यातली सात पानं चांदण्यांच्या त्रिकोणांची. एका ओळीत एक चांदणी, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन. मग उलटा त्रिकोण, मग हिरा. परीक्षेत हेच येतं म्हणे. हे त्रिकोण मीही काढलेत, तुमच्यापैकी ज्यांनी कॉम्प्युटर शिकला त्यांनीही काढले असतील. पंचवीस वर्षांत मला एकाही माणसाने येऊन सांगितलं नाही की जरा चांदण्यांचा त्रिकोण पाहिजे होता.

त्रिकोण वाईट नाहीत. लूपच्या आत लूप समजायला ते बरे आहेत. पण त्रिकोणात एक मोठी खोड आहे. त्याचा शेवट आधीच माहीत असतो. पाच ओळी म्हणजे पाच. खऱ्या कामात असं कधी नसतं. आज यादीत दोनशे माणसं आहेत, उद्या दोनशे तीन, परवा संप असेल तर एकही नाही. पोराला "फॉर, व्हाईल आणि डू-व्हाईल यांतला फरक लिहा" याचं उत्तर तोंडपाठ आहे. डू-व्हाईल किमान एकदा चालतोच, हे तो झोपेतही सांगेल. पण मग यादी रिकामी असताना डू-व्हाईल वापरला तर नसलेल्या माणसाच्या नावाने एक चिठ्ठी निघेल, हे त्याला सांगता आलं नाही. वाक्य पाठ होतं, त्याचा अर्थ कोणी विचारलाच नव्हता.

वहीत आणखी एक गंमत सापडली. यादीवरून फिरायला 'ईच' नावाचं फंक्शन वापरलं होतं. कोणाच्या तरी जुन्या नोट्सवरून उतरवलेलं असणार. ते २०१७ मध्ये पीएचपी ७.२ पासून बाद ठरवलं गेलं आणि २०२० मध्ये पीएचपी ८ मधून काढूनच टाकलं. डेटाबेसमधून ओळी आणायची वहीतली पद्धतही २०१५ च्या अखेरीस पीएचपी ७ आली तेव्हा गेली. म्हणजे पोरं जे पाठ करतात ते त्यांच्या आधी मेलेलं असतं! घोकंपट्टीची शिक्षा हीच. कल्पना शिकली असती तर ती कुठल्याही आवृत्तीत कामाला आली असती. लूप जुन्या पीएचपीतही थांबवावा लागायचा आणि आजही थांबवावा लागतो.

आणि हो, कल्पना शिकवायला आपल्याकडे काय कमी आहे का? माळशिरस तालुक्यातलं पोरगं रिंगण बघत मोठं होतं. माउलींची पालखी नातेपुत्याहून निघाली की सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण, पुढे खुडूसला पुन्हा. पताकावाले धावतात, तुळशीवाल्या बायका धावतात, मग अश्व. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की रिंगण संपलं. हा झाला 'फॉर'. किती फेऱ्या, ते आधी ठरलेलं.

आणि रथापुढच्या नि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात, प्रत्येकीची जागा ठरलेली. त्या क्रमाने एकेकीकडे जायचं म्हटलं तर तो 'फॉरईच'. किती आहेत ते मोजायचीही गरज नाही, यादी संपली की संपलं.

आणि 'व्हाईल' बघायचा असेल तर संध्याकाळी तळावरच्या समाज आरतीला जाऊन उभं राहा. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळे टाळ बंद. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, तेव्हा तो टाळ थांबतो. सगळे टाळ थांबल्याशिवाय आरती नाही. म्हणजे कुठेतरी टाळ वाजतोय तोवर जात राहा. किती वेळा जावं लागेल हे आधी कोणालाच माहीत नाही. आज एकदाही नाही, उद्या कदाचित तीनदा. थांबायची अट आकड्यात नाही, ती त्या शेवटच्या टाळकऱ्याच्या समाधानात आहे. यापेक्षा चांगलं उदाहरण जगातल्या कुठल्या पुस्तकात असेल तर मला दाखवा. हे पोरांना तीन पावलांवर दिसतं आणि आम्ही त्यांना चांदण्या मोजायला लावतो.

भाषेचंही तेच. व्हेरिएबलची नावं इंग्रजीतच पाहिजेत असा पीएचपीचा काही हट्ट नाही. $लिटर, $रक्कम, $शेवटचे_खाते अशी देवनागरी नावं पीएचपीत चालतात, जावास्क्रिप्टमध्येही चालतात. नोकरीत चारचौघांबरोबर काम करताना इंग्रजीच वापरा, माझं काही म्हणणं नाही. पण शिकताना? पहिल्या महिन्यात 'आय', 'जे', 'के' या तीन अक्षरांत गुदमरणाऱ्या पोराला $म्हैस असं लिहू द्या की. निदान काय फिरतंय ते तरी त्याला कळेल.

दुसरं भांडण भाच्याशी आणि दाजींशी. म्हणजे "आता शिकायची गरजच काय" म्हणणाऱ्यांशी.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. एआय मीही वापरतो. लूपची कंसांची जागा, अर्धविरामांची जागा पाठ करण्यात आयुष्य घालवायचे दिवस गेले, आणि बरं झालं गेले. माझी २००९ ची चूक आजच्या यंत्राला दाखवली तर ते ती ओळखेल, कदाचित मुळात करणारही नाही. हे सगळं मान्य.

पण त्याला दाखवणार कोण? ती चूक सापडली ती कोणाला शंका आली म्हणून. आणि शंका आली ती एका सातवीतल्या मुलीने तोच लूप कागदावर, एकेक चिठ्ठी घेऊन, हाताने चालवला म्हणून. तिला पीएचपी येत नव्हतं. पण सुरुवात कुठून करायची, प्रत्येक चिठ्ठीचं काय करायचं आणि शेवटची चिठ्ठी बेरजेत धरली का ते बघायचं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्या मुलीनेही "चालतंय ना" म्हटलं असतं तर?

दाजी, पाढ्यांचं म्हणाल तर कॅल्क्युलेटर असूनही तुम्ही बाजार समितीत पट्टी हातात आली की आधी डोळ्यांनी अंदाज घेता ना? बारा क्विंटलचे एवढेच कसे, म्हणून जाब विचारता ना? तो अंदाज पाढ्यातून आलाय. कॅल्क्युलेटर तुम्हाला उत्तर देतो, उत्तर चुकीचं वाटायची ताकद देत नाही. भाच्याने लूप हाताने लिहावा असा माझा आग्रह टायपिंगसाठी नाही. पाच-पन्नास लूप स्वतः लिहून, चुकवून, कागदावर रकाने आखून एकेक फेरी तपासल्याशिवाय ती शंका यायची जागाच डोक्यात तयार होत नाही.

डायक्स्ट्रा नावाचे मोठे संगणकशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९६८ मध्ये एका नियतकालिकाला पत्र लिहून प्रोग्राममध्ये वाटेल तिथे उड्या मारण्याविरुद्ध आघाडी उघडली होती. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर, वाचणाऱ्याला कुठल्याही क्षणी प्रोग्राम कुठवर आलाय ते सांगता आलं पाहिजे. उड्या मारल्या तर ते सांगता येत नाही. लूप नीट लिहिला तर सांगता येतं, कितवी फेरी चालू आहे तेवढं कळलं की झालं. आज गंमत अशी की प्रोग्राम नीट आहे, लूपही नीट आहे, पण कुठवर आलाय ते सांगू शकणारा माणूसच आम्ही काढून टाकायला निघालोय.

आणि चुका काही माझ्या त्या एका '&' पुरत्या नसतात. दुसऱ्यांच्या कामात पाहिलेल्या दोन सांगतो. एक म्हणजे "यादीतून एकेक आकडा काढत राहा, आकडा मिळतोय तोवर" असा 'व्हाईल' लिहिणं. दिसायला सुटसुटीत. पण पीएचपीच्या लेखी शून्य म्हणजे 'नाही'. एखाद्याची म्हैस आटली, त्याचे लिटर शून्य आले, की लूप समजतो यादी संपली! त्याच्यामागची सगळी माणसं गेली. चूक त्याची नाही, म्हशीची नाही, आणि भोगतात मात्र टेलवाले.

दुसरी चूक म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत डेटाबेसकडे पळणं. चारशे सभासद असतील तर आधी यादी आणायला एक खेप आणि मग प्रत्येकाचे लिटर आणायला चारशे खेपा. आडावर हंडा घेऊन एकदा जायचं सोडून तांब्याने पाणी आणण्यातला प्रकार. दहा माणसांच्या चाचणीत हे कळतही नाही, पान झटकन उघडतं. चारशे झाले की पान रखडतं, आणि मग 'सर्व्हर बदला' म्हणून खर्च काढला जातो. दोन्हीकडे तीच कथा. तोंडाशी उभं राहिलं तर सगळं ठीक दिसतं.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. लूप कोणीही लिहो, तू, मी, एआय किंवा बाजूच्या बाकावरचा मित्र. तो घेण्याआधी चार प्रश्न विचारायचे. यादीत कोणीच नसेल तर काय होईल? एकच असेल तर? शेवटच्याचं बरोबर आलंय का, हाताने तपासून? आणि हा थांबणार कशामुळे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर "थांबतो की" असं देऊ नये. वेबवर पीएचपी मुळात ३० सेकंदांनी बेफाम प्रोग्रामचा गळा धरते, म्हणून तो थांबलेला दिसतो. तोच प्रोग्राम कमांड लाइनवरून चालवला तर तिथे अशी मर्यादा मुळात नसते, घाण्याच्या बैलासारखा फिरत राहील.

हे चार प्रश्न परीक्षेत आले तर त्रिकोणांची सात पानं फाडून टाकली तरी चालतील.

मावशींचे ३४० रुपये पुढच्या पगारात जमा झाले. मी माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "आवं हुतंय भाऊ, पोरीला फकस्त सांगा तिचा हिशेब बरुबर हुता म्हणून." मी सांगितलं. मुलगी लाजून आत पळाली. सत्कार खरं तर तिचा व्हायला पाहिजे होता, शाल-नारळ माझ्याकडे राहिला.

असो. भाचेसाहेब, हे तू वाचणार हे मला माहीत आहे, ताई तुला वाचायला लावेलच. राग मानू नकोस. पोरगा हुशार आहेस, म्हणून तर एवढं लिहिलं. आषाढीच्या आधी पालखी आली की मी सुट्टी काढून येतोय. सकाळी पुरंदावड्याला रिंगण बघू, संध्याकाळी तळावर आरतीला उभे राहू. तोवर तुझ्या त्या यादीतलं शेवटचं खातं कागद-पेन घेऊन तपासून ठेव. फक्त एकच खातं, शेवटचं.

आणि बाकीच्या मंडळींनी, पटलं तर सांगा, नाही पटलं तर जरूर सांगा. दाजींनी तर सांगाच. :)